कोरडा बावीस, ओला बावीस

"काय मेला ह्या हवामान. तेल दगड झाला नि माझ्या टाचेत बोट जाता."

सासूबाईंची ही कुरकुर माझ्या कानापासून वीतभरावर चालली होती, कारण त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता आणि मी वाकून त्यांच्या भेगांत खोबरेल भरत होते. वाटी चुलीच्या कडेला ठेवून तेल पातळ करायचं आणि टाचेपर्यंत नेईतो ते पुन्हा थिजायचं. मार्गशीर्ष लागला होता. पहाटेपासून मतलई सुटलेली, म्हणजे डोंगराकडून समुद्राकडे जाणारा कोरडा वारा. माझे ओठ फुटले होते. दोरीवरची साडी तासाभरात पापडासारखी कडक होत होती.

आणि तेवढ्यात परसातून मामंजींचा आवाज आला. बत्तीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणून घेतलेला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज.

"कोरडा बावीस. ओला बावीस. आर्द्रता शंभर टक्के."

माझ्या मांडीवरचा पाय जरासा आखडला. मी वर पाहिलं. सासूबाई चुलीकडे बघत होत्या.

"शंभर कसे, आई? इतकी कोरडी हवा आहे."

"तेल लाव," त्या म्हणाल्या.

मी तेल लावलं. सत्तावीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या घरात येऊन मला सात महिने झाले होते आणि तिथलं निम्मं मला कळत नव्हतं. बोली कळत नव्हती, हवा कळत नव्हती, माणसं तर नाहीच. न कळलेलं गप्प गिळायचं आणि मागाहून एकटीनं चघळत बसायचं, ही सवय मला त्याच वर्षी लागली.

माझं माहेर माणदेशातलं. आमच्याकडे पाऊस म्हणजे येतो येतो म्हणून न येणारा पाहुणा. तिथून लग्न होऊन मी थेट खाडीच्या तोंडावरच्या भाटखोलला आले. नवरा, दिगंबर, एस.टी.त मेकॅनिक. आमच्या तालुक्याच्या डेपोत असताना जमलं होतं. लग्नानंतर त्याची बदली इकडच्याच डेपोत झाली, पण मुक्काम डेपोतच, शनिवारी घरी. म्हणजे घरात आम्ही तिघं. मामंजी, म्हणजे भिकाजी रेडकर गुरुजी, सासूबाई आणि मी.

पहिले दोन महिने मला वाटत होतं की मी आजारी आहे. अंग सारखं चिकट. मीठ डब्यात रडायचं. काडेपेटी पेटायची नाही म्हणून मी ती पोलक्यात ठेवायला शिकले. पावसाळ्यात लग्नातल्या शालूला करडी मखमल चढली आणि चपलांना हिरवी. मी रडले तर सासूबाई म्हणाल्या, रडा नको गो, आधीच हवेत पाणी कमी हा काय?

पण खरा गोंधळ माठानं घातला. वैशाखात मी हौसेनं नवा माठ आणवला, ओलं फडकं गुंडाळलं, सावलीत ठेवला. पाणी काही केल्या गार होईना. दुसरा माठ आणवला. तोही तसाच. कुंभारानं फसवलं असं मी म्हणायला लागले तेव्हा मामंजींनी मला परसात नेलं.

परसात कुंपणाच्या आत चार पायांवर उभी असलेली एक पांढरी पेटी होती. चारी बाजूंना झडपा, आत वारा खेळता. हवामानाच्या ऑफिसनं ती तिथे बसवली होती आणि तीस वर्षं मामंजी रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला तिच्यातल्या तापमापकांची नोंद करत होते. एकदाही चुकले नव्हते. धाकट्या मुलीच्या, सुषमाच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना साडेपाच वाजले आणि ते उठून गेले होते, अशी हकीकत मला घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळी सांगितली होती. नोंद झाली की ते आकडे मोठ्यानं सांगत. शेजारची रुझाय कुंपणापलीकडून विचारायची, गुरुजी, आज बांगडे घालू काय सुकत? आणि मामंजी सांगतील तसं ती करायची.

"माठ चांगला आहे," ते मला म्हणाले. माझ्याशी ते शाळेतलं मराठी बोलत, मला कळावं म्हणून. "माठातलं पाणी उडून जातं म्हणून उरलेलं गार होतं. पण इथल्या हवेत आधीच इतकं पाणी आहे की आणखी घ्यायला तिच्यात जागाच नाही."

"म्हणजे गच्च भरलेल्या एस.टी.सारखं," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग इतके हसले की सासूबाई दारात आल्या. तीस वर्षांत हे असं कुणी म्हटलं नव्हतं, ते म्हणाले.

मग त्यांनी पेटी उघडून दाखवली. आत दोन तापमापक शेजारी शेजारी उभे. एक नुसता, तो कोरडा. दुसऱ्याच्या पाऱ्याच्या गोळीवर मलमलीची टोपी, तिच्यातून निघालेली सुताची वात खाली पाण्याच्या इवल्या बाटलीत बुडवलेली, तो ओला. ओला म्हणजे छोटा माठच. हवा कोरडी असली की तो गार पडतो आणि दोघांतलं अंतर वाढतं. हवा पाण्यानं भरलेली असली की अंतर राहत नाही. आकडे महत्त्वाचे नाहीत, मामंजी म्हणाले, अंतर महत्त्वाचं.

नववीत शाळा सुटल्यापासून माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी शिकत गेले. बाटलीत साठवलेलं पावसाचं पाणी घालायचं, समुद्राच्या खाऱ्या हवेनं वात आखडते म्हणून ती आठवड्याला बदलायची, अंतरावरून आर्द्रता काढायचं कोष्टक कसं वाचायचं. ऑफिसनं दिलेली जाड पुस्तिका मी भाकऱ्या भाजताना समोर उघडून ठेवायची. श्रावणात मामंजींनी वर अर्ज केला, की माझं वय झालं, माझ्यानंतर निरीक्षक म्हणून माझी सून सौ. शालन हिला नेमावं. उत्तर आलं. डिसेंबरात साहेब तपासणीला येतील, नोंदी पाहतील, सूनबाईंची परीक्षा घेतील आणि ठरवतील.

त्या पत्रात माझं नाव टाइप केलेलं होतं. लग्नपत्रिका सोडली तर ते छापील अक्षरांत मी पहिल्यांदाच पाहत होते. ते पत्र मी माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि दिवसातून एकदा, कापूर बदलायच्या निमित्तानं, बघून घ्यायची. मला दुसरं काहीही नको होतं. दागिना नको, माहेरी जायला नको. ती पेटी हवी होती.

आणि गणपतीनंतर मामंजींनी मला पेटीपाशी न्यायचं बंद केलं.

नुसतं म्हणाले, तू नको येऊस, पाय घसरेल. पेटीची चावी त्यांच्या करगोट्याला असायची. ते एकटे जायचे, आकडे मोठ्यानं सांगायचे, चिठ्ठीवर लिहून आणायचे आणि मी ते महिन्याच्या तक्त्यात सुवाच्य अक्षरात उतरवायची. माझं काय चुकलं हे मी स्वतःला विचारून थकले.

त्या घरात कशाला रिवाज म्हणायचं आणि कशाला नाही, हेही मला उमगत नव्हतं. मामंजी सकाळी चहा घेत आणि अर्ध्या तासानं पुन्हा पाटावर येऊन बसत, चहा झाला का म्हणून विचारत. सासूबाई न बोलता पुन्हा अर्धा कप देत. मला वाटलं, इकडे चहा दोनदा घेत असतील. मी माहेरी पत्रात तसं लिहिलंही. मामंजी मला कधीकधी सुषमा म्हणत. मला वाटलं, लेकीसारखी मानतात. फाटकापर्यंत जाऊन ते थांबत, परत येत, पुन्हा जात. मला वाटलं, जेवणावर शतपावली.

तक्ता मात्र मला झोंबत होता. सप्टेंबरात कोरडा आणि ओला सारखेच, ठीक, पाऊस होता. ऑक्टोबरातही सारखेच. नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नातल्या रांगोळीचे रंग वाऱ्यानं उडून गेले, तरी तक्त्यात रोज सकाळ-संध्याकाळ हवा पाण्यानं गच्च. मी मामंजींना विचारलं. ते म्हणाले, किनारा आहे शालन, किनाऱ्यावर असंच असतं. शनिवारी दिगंबरला विचारलं. तो म्हणाला, बाबांनी तीस वर्षं काढली त्यात, तुला सहा महिने झाले. आणि उठून खाडीवर गेला, गळ न घेताच. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुका परीक्षा देऊची हा ना? मग दितत ता लिव.

मी लिहीत गेले. माझ्या ओठांवर विश्वास ठेवावा की मामंजींच्या आकड्यांवर, हा प्रश्न मी मामंजींच्या बाजूनं सोडवला. ओठ काय, माणदेशातले. त्यांना किनाऱ्याचं काय कळणार?

टाचांना तेल लावलं त्या दिवशी असं झालं की मामंजी चावी कुलपातच विसरले. मला दुपारी दोरीवरचे कपडे काढताना ती दिसली. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पेटी उघडली.

बाटली कोरडी होती. नुसती कोरडी नाही, तिच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि ते जाळंही जुनं होऊन धुळीनं राखाडी पडलं होतं. मलमल पुठ्ठ्यासारखी ताठ, तिच्यावर मिठाची पांढरी कड. दोन्ही पारे तीसवर उभे.

मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. ओला तापमापक ओला नव्हताच. दोन कोरडे शेजारी उभे राहून इतके महिने एकमेकांच्या होला हो करत होते. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक आठ दिवसांत उघडी पडली असती. आमच्या आटपाडीकडे कुणी शंभर टक्के लिहिलं असतं तर पोस्टमन हसला असता. इथे पावसाळ्यानं ती पोटात घेतली, आणि पावसाळा संपला तेव्हा तिची सवय झाली होती.

मी पेटीतल्या डबीतून नवी मलमल काढली, त्यांनी शिकवली होती तशी बांधली, पावसाच्या पाण्याच्या बाटलीतून पाणी घातलं आणि समोर उभी राहिले. पारा उतरायला लागला. एकोणतीस. सत्तावीस. चोवीस. बावीसवर थांबला. कोष्टकात पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं. निम्मी हवा रिकामी होती. माझे ओठ खरं बोलत होते.

"काय केलंस?"

सासूबाई मागे उभ्या होत्या, हातात वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा.

मी सांगितलं की वात कोरडी होती, पाणी घातलं. कधीपासून कोरडी, त्यांनी विचारलं. मी बोटावर गुंडाळलेलं जाळं दाखवलं. त्यांनी ते पदरानं माझ्या बोटावरून पुसून टाकलं, एखाद्या लेकराचं नाक पुसावं तसं.

"तेंका सांगा नको."

"पण उद्या साहेबांना दिसणारच की, आई. आजपर्यंत शंभर आणि उद्या एकदम साठ-सत्तर."

"उद्याचा उद्या."

साडेपाचला मामंजी पेटीकडे गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कान लावून बसले. आता त्यांना फरक दिसेल, ते चकित होतील, मला हाक मारतील, मी पळत जाईन, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. मग आवाज आला.

"कोरडा सत्तावीस. ओला सत्तावीस."

ते आत गेल्यावर मी धावत जाऊन पाहिलं. या वेळी चावी कुलपात नव्हती, पण झडपांच्या फटीतून डोळा लावला तर आकडे दिसत. सत्तावीस आणि एकवीस. सहा अंशांची फट, आंधळ्यालाही दिसावी अशी. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. वात ओली होती, पाणी होतं, पारा बरोबर होता आणि तीस वर्षांत न चुकलेला माणूस ते बघून दुसरंच सांगत होता. मग मला असंही वाटलं, की झडपेतून तिरपं बघतेय म्हणून माझंच चुकत असेल.

दिगंबर साहेबांसाठी रजा काढून संध्याकाळी आला. त्याला मी सगळं सांगितलं. तो बूट काढत होता. एक काढला आणि दुसऱ्याची नाडी धरून तसाच बसला. मग म्हणाला, साहेब येतील, चहा पितील, जातील. होऊन जाऊ दे उद्याचं. मी म्हटलं, अहो, पण मामंजींचे डोळे... तो म्हणाला, हो, डोळेच असतील. इतक्या लगेच म्हणाला, की त्याला डोळ्यांचं निमित्त मिळाल्याचा आनंद झाल्यासारखं वाटलं.

साहेब सकाळी आठलाच आले. बोरवणकर त्यांचं नाव, मध्यम वयाचे, बारीक, घामाघूम न होणारे. अदबीचे होते. गुरुजी, तुमच्या तक्त्यांची आम्ही ऑफिसात नवीन पोरांना उदाहरणं देतो, म्हणाले. मामंजींनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं. दोघं पेटीकडे गेले, मागोमाग दिगंबर, त्याच्या मागे मी. सासूबाई मागच्या दाराच्या उंबऱ्यात.

साहेबांनी आधी स्वतः वाचून वहीत टिपलं. मग म्हणाले, आता आपण, गुरुजी.

मामंजींनी चष्मा वर केला, वाकले, आणि कुंपणापलीकडच्या रुझायलाही ऐकू जाईल असं म्हणाले, "कोरडा बावीस. ओला बावीस. आर्द्रता शंभर टक्के."

साहेबांनी वहीत पाहिलं. पुन्हा पेटीत पाहिलं.

"चष्म्याचो नंबर बदलूक झालो," सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या.

"हो, असेल," साहेब म्हणाले. "ओला अठरा आहे, गुरुजी. अडुसष्ट टक्के."

"अठरा," मामंजी म्हणाले, जणू तो कुणाचा तरी निरोप होता आणि तो त्यांना पुढे पोचवायचा होता.

पडवीत घावणे झाले, चहा झाला. साहेबांनी तक्ते मागितले. ते एकेक पान उलटत गेले, आधी भराभर, मग सावकाश. ऑगस्टच्या शेवटाला येऊन थांबले. तिथून पुढे बोट खाली खाली नेत आले.

"अक्षर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हणाले.

"सुरेख आहे. आणि ती वात नवी दिसली मला. मलमल कुणी बांधली?"

"मीच. काल दुपारी."

"फार छान बांधलीय. आमचे लोकसुद्धा इतकी नीट बांधत नाहीत." एवढं ऐकून मी खरंच हरखले. तो आनंद किती टिकला ते मला अजून आठवतं, कारण त्याच श्वासात ते पुढे म्हणाले, "म्हणजे काल ती बदलायची वेळ आली. त्याआधी जवळजवळ साडेतीन महिने पाणी नव्हतं. पाणी घालायचं काम कुणाकडे होतं?"

मी दिगंबरकडे पाहिलं. तो पडवीतल्या जमिनीच्या एका पोपड्याकडे बघत होता. मी मामंजींकडे पाहिलं. ते साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर दुसरं कुणीतरी देणार आहे अशा विश्वासानं, उत्सुकतेनं सगळ्यांकडे बघत होते.

"तिच्याकडेच होता ता काम," सासूबाई दारातून म्हणाल्या. "सुनेकडे. नवीन हा. देशावरची. तिका काय म्हायत पाण्याचा."

पेटीची चावी मी कालपर्यंत हातात धरली नव्हती. पण ते म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं, आणि पुढचं काय होतं ते मला नीट माहीतही नव्हतं. नुसतं असं वाटत होतं की घरात एक वस्तू झाकून ठेवलीय आणि सगळे तिला वळसा घालून चालतायत.

तेवढ्यात मामंजी माझ्याकडे वळले. रागानं नाही. वर्गातल्या आवडत्या मुलाच्या वहीत चूक निघाली की मास्तरांचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता.

"शालन," ते म्हणाले, "पाणी रोज घालायचं असतं. मी तुला सांगितलं होतं ना?"

ते खोटं बोलत नव्हते. मला शपथेवर सांगता येईल. ज्या माणसानं मला हवेतलं पाणी मोजायला शिकवलं तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणत होता की ते काम माझं होतं, आणि त्याचा त्यावर पुरा विश्वास होता. आणि खरं सांगते, क्षणभर माझाही बसला. सांगितलं असेल. गणपतीच्या गडबडीत, त्यांच्या बोलीत, अर्धवट. मला तिथलं काय कळत होतं की एवढंच कळलं असेल? मी विसरले असेन.

"हो," मी म्हणाले. "चुकलं माझं."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. त्यांना ते लिहायला आवडत नव्हतं हे दिसत होतं. पण नियम म्हणून लिहिता लिहिता ते वाचून दाखवत गेले. ओल्या तापमापकाच्या ऑगस्टअखेरपासूनच्या नोंदी रद्द समजाव्यात. निष्काळजीपणा सदर काम सोपवलेल्या सौ. शालन दिगंबर रेडकर यांचा असून त्यांनी तो मान्य केला आहे. सबब निरीक्षकपदासाठी त्यांची शिफारस करता येत नाही.

"साहेब, जरा सौम्य लिहा," मामंजी म्हणाले. "लेकरू आहे. हुशार आहे."

"गुरुजी, मी तरी काय करू," साहेब म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "इथे सही करा, ताई."

मी खाली बसून कागद पाटावर घेतला. माझं नाव त्यावर पुन्हा आलं होतं, या वेळी शाईत. दिगंबरनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. मला त्याचा राग आला नाही. तो इतका घाबरलेला होता, आणि कशाला ते मला कळत नव्हतं.

"पूर्ण नाव लिही," मामंजी मायेनं म्हणाले. "आडनाव आखूड करू नये."

मी पेन टेकवलं. 'शा' काढला.

"लिवा नको."

सासूबाई पडवीत आल्या होत्या. परक्या पुरुषासमोर त्या कधी पडवीत येत नसत. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, अनवाणी पाय, टाचांवर माझ्या हातचं तेल.

"साहेबांनू, ता फाडा. माझ्या तोंडातसून खोटा गेला. चेडवाचो काय दोष नाय. पेटीची चावी तिच्याकडे कधी नव्हतीच."

"आई," दिगंबर म्हणाला.

"तू गप. तू बाहेर रवतंस, तुका बरा पडता गप रवाक." मग त्या साहेबांकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. तांदूळ निवडताना बोलावं तशा बोलत होत्या. "पाणी ह्येंचाच काम. हे घालतत म्हणान जातत आणि घालूक इसारतत. सकाळचो चाय इसारतत. फाटकापर्यंत जातत, खंय जाऊचा ता इसारतत. आकडे दिसतत तेंका, डोळे बरे असत. पण काल काय सांगलेला ताच आज सांगतत. घरात सगळ्यांका म्हायत हा. बोलणा कोण नाय."

मामंजी त्यांच्याकडे बघत होते. लक्ष देऊन, अदबीनं, दुसऱ्या कुणाच्या तरी घरची अडचण ऐकून घ्यावी तसे.

सासूबाई त्यांच्याजवळ गेल्या. त्यांच्या धोतराची घडी खुर्चीच्या पायात अडकली होती ती त्यांनी वाकून सोडवली आणि तशाच वाकलेल्या राहून, साहेबांना नाही, मला नाही, त्या धोतराच्या काठाला सांगितलं.

"मंगळवारी न्हाऊन इले. मी चुलीपुढे बसलेलंय. माका बघून थांबले, हात जोडल्यानी नि इचारल्यानी, 'बाई, तुम्ही कोण? आमची ही कुठे गेली?'"